माठाखालच्या माश्या

पुण्याहून लोक रत्नागिरीला आंबे आणायला जातात. मी फळमाश्या आणायला निघाले होते. प्रयोगशाळेचं थंड कपाट बिघडून आमचं एक वाण पार संपलं होतं. उरली होती एकच बाटली, माझी जुनी विद्यार्थिनी सायली हिच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावच्या घरी. ती बाटली गेली की माझं सहा वर्षांचं काम पाण्यात.

एसटी सावर्ड्याला थांबली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी चौकशी केली. कारण ऐकून म्हणाले, "मे महिन्यात माश्या न्यायला येताव? आमच्याकडच्या फुकट न्या की!"

सायली नोकरीवर गेली होती. तिच्या आईनं, शैलाकाकूंनी, खळ्यात (अंगणात) गूळपाणी दिलं आणि बाटली हातात ठेवली. माश्या टुणटुणीत होत्या. बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट कालवण) वाढताना काकूंनी विचारलं, "ह्या माश्यांत येवढं काय हाय?"

मी सांगितलं, माशीच्या अंड्यात एक जनुक असतो. तो चालू झाला की काही पेशी आधारपेशी होतात. त्या निरोप पोचवणाऱ्या मज्जापेशींना सांभाळतात, भरवतात. या माश्यांत त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे. ज्या पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या मिळतात, त्याच्यात आधारपेशी जवळजवळ होतच नाहीत, त्यांच्या जागीही मज्जापेशीच होतात आणि ते अंड्यातच मरतं.

"मरणारच," काकू म्हणाल्या. "सगळेच बोलणारे, रांधणारा कोण नाय."

अठरा वर्षं मी हे शिकवतेय, इतकं सोपं कधी सांगता आलं नाही.

जेवून डोळे मिटायला लागले. कोपऱ्यातली आंब्याची खोली अंधारी दिसली, थंड असेल म्हणून बाटली तिथल्या आढीत (आंबे पिकवायला गवतात रचतात ती रास) ठेवली आणि मी आडवी झाले. उठवलं ते काकूंच्या ओरडण्यानं.

"अवो मॅडम, आढीत ऊब असते! आंबे काय अंधारान पिकतात?"

माश्या तळाशी उताण्या पडल्या होत्या. मला रडूच आलं. काकूंनी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत रोवली, वर ओलं फडकं टाकलं आणि मला चहा करून दिला. मी माठासमोर बसून राहिले. तासाभरानं एक पाय हलला. मग दुसरी माशी उठली, मग तिसरी.

परतीला काकूंनी मडक्यात ओली वाळू भरून दिली. गाडीत मी ते मांडीवर धरलं आणि घाटभर वाळूवर पाणी शिंपडत आले. आधारपेशींवर भाषणं देणारी मी, आयुष्यात पहिल्यांदा ते काम करत होते.

पुण्यात पोचताच काकूंचा फोन आला. "माश्या बऱ्या हायत ना?"

माझी चौकशी त्यांनी केली नाही. करायला नकोच होती; माश्या बऱ्या म्हणजे मीही बरी.