शाळेच्या पाटीवर काशीबाई

चहा घ्या आधी. कप रिकामा झाला की सांगतो. मागच्या खेपेला हे सांगत होतो, तर एकाच्या नाकातून चहा आला. धोतरही माझंच खराब झालं.

मला लोकांना हसवायची हौस नाही. मी कडक माणूस. पण हा किस्सा आता वडप्याच्या नाक्यापासून खारबावच्या स्टेशनपर्यंत पोचलाय, आणि प्रत्येक जण त्यात आपलं काहीतरी घालतो. परवा एकाने मलाच ऐकवला! मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, पुरे झालं. एकदा आपल्या तोंडाने सांगावा आणि मोकळं व्हावं. थकलो मी.

तर आमच्या गावात शाळा नव्हती. जुनी होती ती रस्ता रुंद करताना गेली. पोरं हायवे ओलांडून पलीकडच्या गावात जायची. दोन्ही बाजूंनी गोडाऊनचे ट्रेलर. रोज सकाळी सगळ्या आया रस्त्याकडेला उभ्या, पोरं पलीकडे पोचेपर्यंत श्वास रोखून. ते बघवेना. माझं एक शेत होतं गावाला लागून. आमची आई तिथे भात लावायची असं बाबा सांगायचे. ते मी शाळेला दिलं. एकच अट घातली, शाळेला माझ्या आईचं नाव.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. तिचा फोटो नाही. कुठल्या कागदावर नाव नाही. रेशन कार्ड, मतदार यादी, हे सगळं घरात यायच्या आधीच ती गेली. मी दुसरीत शाळा सोडली, नारपोलीला कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला लागलो. आई असती तर सोडू दिली नसती, असं मला आपलं वाटतं. म्हणून तिचं नाव शाळेवर हवं होतं. मी मेलो की तिला आठवणारंही कोणी नाही.

ग्रामसभा भरली. आमची सरपंच सुनंदा, शेजारच्या घरातली सून. हुशार बाई. माझ्यापुढे डोक्यावर पदर घेते, पण सही करताना मागेपुढे बघत नाही. गोपीनाथ होता. त्याचे चार टेम्पो आहेत आणि प्रत्येक गोष्टीत एक मत आहे.

"तात्या, आईचं नाव दिलं, बेस झालं," सुनंदा म्हणाली. "पण त्यांचं नाव काय लिवू?"

आता बघा, सोपा प्रश्न. पण सगळी सभा गप्प! कारण गावात तिचं नाव कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे बाई सासरी आली की माहेरच्या गावावरून ओळखली जाते. आई खारबावची, म्हणून सगळे तिला खारबावकरीण म्हणायचे. पाळण्यातलं नाव माहेरी राहिलं, आणि लग्नात ठेवलेलं नाव घ्यायचं कोणी? नवरा तर बायकोचं नाव घेतच नाही.

"खारबावकरीण विद्यामंदिर लिवा," गोपीनाथ म्हणाला. "लोकांना वाटंल शाला खारबावलाच हाय."

लोक हसले. मला हसण्याचा राग येतो.

"काशीबाई!" मी म्हटलं. "माझ्या आईचं नाव काशीबाई."

"नक्की ना तात्या?"

"म्हणजे? माझी आई ती!"

नक्कीच होतं हो! आईची मला एकच आठवण आहे. संध्याकाळ. बाबा अंगणात येतात, डोक्यावरचा भारा टाकतात आणि हाक मारतात, "काशेऽऽ!" आणि आई ओल्या हातांनी, पदराला हात पुसत दारात येते. एवढंच. चेहरा आठवत नाही, ती हाक आठवते. सत्तर वर्षं मी ती हाक सांभाळली. अजून काय पुरावा पाहिजे?

"आक्काला एक फोन करून इचारा की," सुनंदा हळूच म्हणाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी. आमचं बोलणं बंद होतं. माझ्या मुलाच्या लग्नात तिने नव्या व्याह्यांपुढे सांगितलं, की बाळ्याला, म्हणजे मला, सात वर्षांचा होईपर्यंत नाक पुसता येत नव्हतं. व्याह्यांपुढे! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही.

"माझ्या आईचं नाव मला दुसऱ्याने सांगायचं?" मी उठून उभा राहिलो. "लिहा काशीबाई. नसेल लिहायचं तर शेत परत द्या."

लिहिलं. अर्जात रकाना होता, नाव दिलेल्या व्यक्तीशी नाते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तिथे 'आई' लिहिलं. मी सही केली. माझी सही मोठी येते, शेजारच्या रकान्यात जाते.

पाटीसाठी नारपोलीचा पेंटर आणला. शिडीवर चढून तो म्हणाला, "चाचा, नाम पक्का है ना? ये ऑइल पेंट है, बाद में निकलता नहीं."

"मेरी माँ का नाम है," मी म्हटलं. "निकालने का किसको है?"

कै. काशीबाई विद्यामंदिर. एकेक अक्षर वीतभर उंच. हायवेवरून दिसेल असं. मीच सांगितलं होतं तसं काढायला. माझं दुखणं किती मोठं आहे, ते पुढे कळेलच.

नंतर शाळेच्या बाई घरी आल्या. नागपूरकडच्या. तरुण, उत्साही, हातात वही.

"काका, उद्घाटनाला काशीबाईंचं चरित्र वाचायचं आहे. दोन आठवणी सांगा ना."

मी काय सांगणार? जे होतं ते सांगितलं. म्हटलं, ती असताना घरात दूध असायचं. ती गेली, दूध गेलं. बाबांनी हाक मारली की ती ओ द्यायची. कधी आवाज चढवला नाही. खाण्यापिण्याची तक्रार नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं. डोळे पुसले. जाताना माझ्या पाया पडल्या.

माझी बायको आतून ऐकत होती. म्हणाली, "यवढी गरीब सासू मना जित्ती मिलाली असती तर!"

उद्घाटनाचा दिवस. मांडव, खुर्च्या, माईक. सगळं गाव. बघतो तर पहिल्या रांगेत आक्का! नऊवारी, नाकात नथ, हातात काठी. सुनंदाने परस्पर बोलावलं होतं. मी आक्काकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

बाईंनी चरित्र वाचायला सुरुवात केली.

"काशीबाईंच्या दुधावर हे घर वाढलं. काशीबाई अत्यंत शांत स्वभावाच्या. समोर जे येईल ते निमूटपणे खायच्या…"

आक्काने पदर तोंडाला लावला.

"मालकांची एक हाक ऐकू आली, की काशीबाई जिथे असतील तिथून ओ द्यायच्या…"

आक्काचे खांदे हलायला लागले. लोकांनी बघितलं. बिचारीला आई आठवली! कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. माझंही मन भरून आलं. म्हटलं, झालं गेलं विसरू. नाकाचं बोलली ते बोलली. आई एकच आहे दोघांची.

मग पोरांनी गाणं म्हटलं. बाईंनीच रचलेलं. 'काशीमाय, काशीमाय, दुधावरची दाट साय!' वीस पोरं, हातवारे करून.

आक्का खुर्चीत वाकडी झाली. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही.

"आपण त्यांच्या लेकीलाच विनंती करू," बाई माईकवर म्हणाल्या, "दोन शब्द बोलण्याची."

मी तेव्हाच मांडव पाडायला हवा होता.

आक्का काठी टेकत वर आली. माईक हातात घेतला. मोठा श्वास घेतला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण आवाज अजून शेताच्या पलीकडे जातो.

"बाळ्या!" ती म्हणाली. भर मांडवात. माईकवर. बहात्तर वर्षांच्या माणसाला! "बाळ्या, अरं काशी आपली म्हस व्हती रं!"

हायवेवर एका ट्रेलरने करकचून ब्रेक मारला.

मग गोपीनाथचा आवाज. "म्हणजे शालेला म्हशीचं नाव हाय?"

आणि मग जे सुरू झालं ते मी सांगत नाही. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. भाऊसाहेब खुर्चीखाली काहीतरी शोधत असल्यासारखे वाकले, ते वर आलेच नाहीत. पोरांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं गाणं आवडलं, त्यांनी परत सुरू केलं. 'काशीमाय, काशीमाय…'

मी उभा राहिलो. ओरडलो, "खोटं! बाबा हाक मारायचे, आई दारात यायची. मी बघितलंय!"

"यायची ना," आक्का म्हणाली. आता तिचं हसणं थांबलं होतं. "बाबा आयचं नाव कसं घेनार? चारचौघांत घ्यायची रीत न्हाय. मग दारात आलं का म्हशीला हाक मारायचं. गोठ्यातनं काशी हंबरायची. आयला कलायचं, आलं घरी. मग ती बाहेर यायची. म्हशीला कोन हाक मारतो रं इतक्या मायेनं? ती हाक आयलाच असायची."

कोणी हसलं नाही. मीही खाली बसलो.

"आयचं नाव मथुरा," ती म्हणाली. "ती गेली आनि त्याच महिन्यात बाबांनी काशी इकली. दूध काढनार कोन? तुला काय आठवनार, तू तर तवा नाक बी…"

मी मांडवातून उठून घरी गेलो.

आठ दिवस बाहेर पडलो नाही. बायकोने पहिले दोन दिवस तोंड बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "एक इचारू? काशीचं पोर म्हंजे आपन त्याला काय म्हंतो?"

"गप बस."

"न्हाय, पन पारडू म्हंतो ना?"

ताटावरून उठता येत नाही, म्हणून बसलो.

पण नाव तर बदलायला हवं. शेत दिलं आईसाठी, आणि तिचं नाव पुन्हा कुठेच नाही. आधी खारबावकरणीखाली गेलं, आता म्हशीखाली. हे मला झोपू देईना. नवव्या दिवशी पंचायतीत गेलो. बायको बरोबर आली, मी नको म्हटलं तरी. सुनंदा होती, भाऊसाहेब होते. गोपीनाथ असायचं काही कारण नव्हतं, पण होता.

भाऊसाहेबांनी नाव बदलण्याचा फॉर्म काढला. लिहायला लागले. एका रकान्याशी पेन थांबलं.

"तात्या, इथं विचारलंय, सध्या ज्यांचं नाव आहे त्यांचं अर्जदाराशी नातं. मागच्या अर्जात आपण आई लिहिलंय."

"म्हस लिवा," गोपीनाथ म्हणाला.

"म्हैस हे नातं नाही हो. वरून कागद परत येईल."

"घरातली येक्ती लिवा," सुनंदा म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. खांदे तिचेही हलत होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दमलो होतो हो. किती भांडायचं माणसाने?

"लिहा," मी म्हटलं. "चुकून आई."

भाऊसाहेबांनी लिहिलं. खरंच लिहिलं. पुढच्या रकान्यावर आले. "नव्या नावाचा पुरावा. कागद तर काहीच नाही. मग साक्षीदाराचा जबाब लागेल. आईला नावाने ओळखणारं कोण आहे?"

"आक्का," सुनंदा म्हणाली. "त्याच एक उरल्यात."

मी मान हलवली. काय करणार? आईचं नाव तिच्या एकटीच्या तोंडात होतं.

"बरं," भाऊसाहेब म्हणाले. "आक्कांचं पूर्ण नाव सांगा. आधार कार्डावर आहे तसं."

मी तोंड उघडलं.

आक्का. जन्मल्यापासून आक्काच म्हटलं. तिच्या लग्नात नाव बदललं तेव्हा मी करवला होतो, लाडू खात होतो. नवीन काय ठेवलं ते ऐकलंच नाही. नंतर विचारायची वेळ कधी आली?

मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बगता?" ती म्हणाली. "मी वन्संच म्हंतंय त्यांना."

गोपीनाथने तोंडावर रुमाल धरला. भाऊसाहेब पेन धरून बसले. बाहेर पंचायतीच्या दारात आणखी चार माणसं जमली होती. आमच्या गावात माणसांना असल्या वेळा बरोबर कळतात.

"तात्या," सुनंदा म्हणाली, "लावा आता फोन."

लावला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आवाज बारीक ठेवायचा म्हणून कानाला घट्ट लावला, तर नेमका गालाने स्पीकर दाबला गेला.

"आक्का," मी म्हटलं. "बाळाराम बोलतोय. एक विचारायचं होतं. तुझं नाव काय गं?"

आक्काचं उत्तर अख्ख्या पंचायतीला ऐकू गेलं.

"का रं बाळ्या? आता गोठ्यात आनि कोन बांधलंयस?"