दाजी, उंदीर आणि अक्काचा गळा

जगातल्या यच्चयावत भांडणांचं मूळ छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत आहे, असं ठणकावून सांगणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच, आणि तो नेमका आमच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नशिबी आला. दाजींनी पुण्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात तान्ह्या उंदरांची हीच थायमस ग्रंथी काढण्यात घालवली. निवृत्त होऊन गावी, बोरीला आले, पण त्या ग्रंथीनं काही त्यांना सोडलं नाही. समोर दिसेल त्याला धरून सांगायचे, "थायमस म्हणजे शरीराच्या राखणदारांची शाळा! मारकुटे आधी बाहेर पडतात, त्यांना आवरणारे मागून. मधेच शाळा पाडली की मारकुटे मोकाट. मग घरच्याच पोटावर, घरच्याच गळ्यावर तुटून पडतात."

भाऊकीची बैठक बसली की दाजी हात आडवा घालायचे. "थांबा राव, आवरणारे अजून यायचेत!" बांधावरून कुऱ्हाडी निघायची वेळ आली तरी ओतूरच्या एसटीतून कुणी वडीलधारा उतरेपर्यंत ते कुणाला तोंड उघडू देत नसत. आणि खरं सांगतो, निम्मी भांडणं त्या वाट बघण्यातच जिरायची. उरलेली भांडणं लोक दाजींचं व्याख्यान टाळायला आपसांत मिटवायचे.

अक्काला मात्र भर उन्हात थंडी वाजू लागली. खुरपायला बसली की उठवायचं नाही, केस गळायचे, गळा सुजल्यासारखा दिसायचा. दाजी म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय!" शेवटी मीच तिला गाडीवर बसवून नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. तिच्याच शरीरानं तिच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर अँटीबॉडी सोडल्या होत्या.

दाजींनी तो ओट्यावर बसून वाचला. "जन्मभर उंदरांच्या रक्तात हेच शोधलं रे मी. आणि हिच्याकडं बघितलंच न्हाई."

"असू द्या वो," अक्का म्हणाली. "मी काय तुमचा उंदीर व्हते का?"

आता गोळी सुरू आहे, अक्का सावरतेय. पण दाजींनी ते शाळेचं व्याख्यान सोडलंय. रोज सकाळी तिला उपाशीपोटी गोळी देतात आणि शेजारी बसून राहतात. भाऊकीतले बैठकीला बोलवायला येतात, तर दाजी हात जोडून नाही म्हणतात. मला ते बघवत नाही.

परवा गेलो तर अक्का त्यांना विनवत होती, "अवो, सांगा की ते शाळंचं. आजवर मी कवा धड ऐकलंच न्हाई."

दाजींनी सांगायला तोंड उघडलं, तिच्या गळ्याकडं पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरची शाल नीट करत बसले.