आपांचे डबे

माझा हात लागला की भाजी फोफावते, असं सगळे म्हणतात. सुना म्हणतात, शेजारणी म्हणतात. मी आपली हसते — आणि ऐकून घेते. तो हात मला कुणी दिला, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. ते गेले, तरी हे गुपित माझ्यापाशीच राहिलं. आज तुम्हाला सांगते. कसं सांगायचं ते मात्र अजून उमगत नाही — आधी त्या बाईबद्दलच सांगते.

निजामाचं राज्य होतं, तिकडं जर्मनची लढाई चालू होती. आमचे हे धाराशिवच्या कचेरीत कारकून होते. लग्न झालं आणि मी तिथं एका माडीवरच्या खोलीत राहायला आले. एक खोली, एक खिडकी. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मामीच्या घरी वाढले. अत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घर लावून द्यायला गावाकडनं, मुरूमहून आल्या होत्या. परत जाताना लेकाला म्हणाल्या, "पोरगी गरीब हाय रे, पण हातात काय न्हाय बघ तिच्या." मी दाराआड उभी होते. खोटं तरी कसं म्हणू? मला खरंच काही येत नव्हतं.

आमच्या खालच्या खोलीत खदीजा आपा राहायच्या. विधवा बाई, लोकांच्या गोधड्या शिवून द्यायच्या. खोलीत इतका अंधार की सुईत दोरा ओवायला दारात यावं लागे. अत्याबाई गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी आपा जिना चढून वर आल्या. खिडकीचा रुंद दगडी कट्टा बघितला, त्यावरचं ऊन बघितलं.

"बेटी," म्हणाल्या, "माझ्या खोलीला ऊन न्हाय. हितं डबे ठिवू का? पानी तू घाल. भाजी दोघी खाऊ."

घासलेटचे रिकामे डबे आडवे कापलेले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली. भोगावती नदीच्या काठची माती त्यांनी डोक्यावरून आणली. शेळीच्या लेंड्या चुरून त्यात मिसळल्या. धने चपलेखाली रगडून दोन फाकळ्या करायच्या, मेथी भिजवून टाकायची, शेपूचं बी राखेत मिसळून भुरभुरायचं, पुदिन्याची नुसती काडी खोचायची — हे सगळं त्यांनी मला माझा हात हातात धरून शिकवलं. हात धरून मला कुणी काही शिकवण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. पहिली मेथी उगवली तेव्हा मी जिन्यातूनच हाका मारत खाली धावले होते. आपा माझ्यापेक्षा जास्त हसल्या.

मला दिवस गेले. अन्नाचा वास सहन होईना. आपा पुदिना वाटून आणायच्या, समोर बसून एकेक घास खायला लावायच्या. आई असती तर हेच करती ना? मी त्यांना तसं कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळत असावं, असं मी धरून चालले.

सातव्या महिन्यात आपा भावाकडं जळकोटला गेल्या. भावजय आजारी होती. डबे माझ्यावर सोपवून गेल्या. आणि माहेर नसलेल्या सुनेचं बाळंतपण करायला अत्याबाई आल्या.

त्यांनी खिडकी बघितली आणि तिथंच थांबल्या. हिरवीगार मेथी, शेपू, कोथिंबीर. "हे कुणी केलं गं?"

बघा — एवढासाच प्रश्न होता. मी म्हणाले, "मीच की."

पाणी तर मीच घालत होते. पण त्यांनी काय विचारलं होतं ते मला कळलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं तेही. अत्याबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मुलगा झाला. बाळाला बघायला येईल त्या बाईला त्या आधी खिडकीशी न्यायच्या. "आमच्या सुनेचा हात बघा." शेपूची भाजी मला स्वतः करून घालायच्या. दूध भरपूर आलं. तेही माझ्याच हाताचं कौतुक झालं.

आणि एके दिवशी आपा परत आल्या. बाळ झाल्याचं त्यांना खाली शिरतानाच कळलं असणार. जिन्यातूनच त्यांचा आवाज आला, "बेटी, मेथी आली का गं काढायला?"

अत्याबाई दारात उभ्या राहिल्या. तेव्हा दिवसही बरे नव्हते. हिंदू-मुसलमानांत कोण कुणाच्या उंबऱ्याशी येतं याकडं लोक संशयानं बघायला लागले होते. "कोण ही? हिला आपल्या मेथीचं काय पडलंय?"

आपा माझ्याकडं बघत होत्या. अत्याबाईही माझ्याकडं बघत होत्या. कौतुकाचे ते दिवस माझ्या हातून जातील — एवढंच माझ्या मनात आलं. आणि मी म्हणाले,

"खालची बाई हाय. भाजी मागाय येती अधनंमधनं."

त्यांच्याच डब्यांतली त्यांचीच भाजी. आणि मी त्यांनाच भिकारीण केलं. त्यांच्या तोंडावर.

आपा आता काय बोलतील? एक शब्द बोलल्या असत्या तरी मी उघडी पडले असते. त्यांनी खांद्यावरचा पदर पुढं घेतला आणि पसरला. "हौ अम्मा. थोडी द्या."

अत्याबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी मेथी उपटून दिली, आणि कालची भाकरी हात न लागू देता वरूनच पदरात टाकली. आपांनी ती घेतली. दुसऱ्या बगलेत त्यांनी काहीतरी दाबून धरलं होतं. बाळाकडं मान वळवून एकदा बघितलं आणि त्या उतरून गेल्या.

अत्याबाई मुरूमला परतल्यावर आपा वर आल्या. बगलेतलं ते काय होतं ते तेव्हा दिसलं — माझ्या बाळासाठी शिवलेलं दुपटं. त्या दिवशी त्या काय म्हणून देणार? मागायला आलेली बाई दुपटं कशी देईल? त्यांनी बाळाला त्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं, डब्यांवर नजर टाकली. "शेपूला पानी कमी पडलंय, बेटी." बस. त्याबद्दल कधीच काही नाही. आणि मीही — मीही काही बोलले नाही. त्यांनी सोडून दिलंय, हेच मी स्वतःला सांगत राहिले.

पुढं ह्यांची बदली उमरग्याला झाली. सामान गाडीत चढत होतं, आणि आपा एकेक डबा उचलून आणून गाडीत लावायला लागल्या. हे म्हणाले, "आपा, हे कशाला? ठेवून घ्या तुम्हाला."

"न्हाय साब. उमरग्याहून मुरूम जवळ. अम्मा येतील, डबे कुठं गेले म्हनून पुसतील."

ह्यांना काही उलगडलं नाही. मला उलगडलं. आणि मी ते डबे नेले. सगळे नेले.

त्या बाईमुळं माझं मूल जगलं, सासरी मला किंमत आली. आजही धने रगडताना माझ्या बोटांवर त्यांची बोटं असतात. इतकं मला दुसऱ्या कुणीच दिलेलं नाही, आईच्या वाट्याचंसुद्धा त्यांनीच दिलं. देवापुढं हात जोडले की आधी त्याच डोळ्यांसमोर येतात.

निजामाचं राज्य गेलं. त्या गडबडीत आपा धाराशिव सोडून भावाकडं जळकोटला गेल्या, असं कानावर आलं. चांगल्या आहेत, असंही कळलं. उमरग्याहून तुळजापूरला जाताना जळकोट वाटेतच लागतं. मुलाला घेऊन मी किती वेळा त्या वाटेनं गेले. मोटार तिथं थांबायची, माणसं चढायची, उतरायची. कुणालाही विचारलं असतं तर घर सापडलं असतं.

मी उतरले नाही.