मांडीपासून ओठापर्यंत

बासवाले चाचा चहावर कधी फुंकर मारत नसत. चहा कितीही कढत असो, कप समोर ठेवून तो आपोआप निवेपर्यंत गप्प बसून राहत. चाचींनी चुलीशी बसून फुंकणी पुढे केली की हे दुसरीकडे तोंड फिरवत. नातवाच्या वाढदिवसाला फुगे फुगवायची वेळ आली तेव्हा ते शेजारून सायकलचा पंप मागून घेऊन आले. मी हसले तर म्हणाले, "हवा फुकट जाते ना मॅडम. हे बाजाची हवा आहे. फुग्यात काऊन घालू?" हवेच्या बाबतीत इतका चिकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या शाळेत मी हिंदी शिकवायचे आणि चाचांच्या शेजारी भाड्याने राहायचे. बास म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, ज्याला इंग्रजीत ट्युबा म्हणतात. अंगावर अजगर वेटोळं घालून बसावा तसं ते चाचांच्या खांद्यावर बसलेलं असे. वरातीत त्याच्याकडे कोणी बघत नाही. टाळ्या, नोटा, शिट्ट्या सगळं ट्रम्पेटवाल्याला. चाचांना त्याचं काही नसे. "ट्रम्पेट कानाले ऐकू येते," ते म्हणायचे, "बास पायाले ऐकू येते. आता तुमीच सांगा, वरातीत नाचते कोण? कान का पाय?"

मी सांगते आहे त्या वर्षी चाचा साठीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचा बास सांध्यासांध्यातून हवा सोडत होता आणि चाचा स्वतःही. बास इतका जड की अर्धी वरात झाली की ते एखाद्या ओट्याशी टेकत, आणि तेवढा वेळ बँडचं बूडच गेल्यासारखं वाटे. बँडमालकाने त्याच हिवाळ्यात कीबोर्ड घेतला होता. तो स्पीकरच्या गाडीवर बसवायचा, बोट दाबलं की त्यातूनही बास निघायचा, आणि त्याला दम लागायचा नाही. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने घरी येऊन तोंडावर सांगितलं, "चाचा, दुसरबीडची वरात मोठी आहे. तिथं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बास ऐकू आला पाह्यजे. नाही तं पुढच्या सीझनले मी कीबोर्डच धरतो. राग मानू नका." चाचांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि "हाव" म्हणून होकार दिला. तो गेल्यावर मात्र बराच वेळ ते अंगणातल्या त्या पितळी धुडाकडे बघत राहिले. त्यांचा चहा पार गार होऊन गेला.

चार दिवसांनी ते माझ्याकडे आले. मेरठच्या एका बँडची वाद्यं बनवणाऱ्या कारखान्यात फोन लावला होता. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं होतं, नवा नमुना बनवून देतो, पण काय हवं ते लिहून पाठवा, मापांसकट. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी बोलता यायचं, पण हिंदीत अर्ज लिहायचा म्हणजे शेजारची बाईच हवी. "आन् माह्या एकट्याचं नाही लिहायचं," ते म्हणाले. "बास वाजवणाऱ्याले आजवर कोणी इचारलंच नाही, तुले काय पाह्यजे. आता इचारलं आहे तं सगळ्यायचं लिहू."

रविवारी उंद्रीचा गजानन आणि दुसरबीडचे शेषराव, आपापल्या बँडचे बासवाले, चाचांच्या अंगणात हजर झाले. आता चाचांची एक सवय सांगितली पाहिजे. घरी आलेला माणूस उभा दिसला की त्यांचा जीव खालीवर होई. पोस्टमनलासुद्धा ते बसल्याशिवाय पत्र देऊ देत नसत. त्या दिवशी तर त्यांनी मशिदीशेजारच्या सायकलवाल्याकडून लाकडी खुर्च्या आणवल्या, दोघांना बसवलं, मला बसवलं आणि शेवटी स्वतः बसले.

मग जे मागणं सुरू झालं! शेषरावांना भोंगा वेगळा निघणारा हवा होता, कारण एस.टी.चा कंडक्टर दर वेळी म्हणायचा, याचं वेगळं तिकीट काढा. गजानन डावरा होता. त्याला सुरांसाठी दाबायचे खटके डाव्या हाताला हवे होते, जन्मभर उलट्या हाताने वाजवून त्याचं मनगट गेलं होतं. थुंकीचं पाणी काढायची चावी पँटवर पाणी सांडणार नाही अशा जागी हवी, यावर तिघांचं एकमत झालं. भोंगा आभाळाकडे नको, पुढे हवा, कारण वरातीतली पोरं त्यात मुरमुरे टाकतात, आणि एकदा तर चप्पल टाकली होती. चाचांची मागणी एकच होती. "पितळ पातळ करा म्हणाव. आवाज पातळ करू नका."

मापं मी घेतली, माझ्या शिवणाच्या टेपने. नमुना आधी चाचांच्या मापाचा बनणार होता. तो जमला की मग त्या दोघांचे. चाचा जुना बास मांडीवर घेऊन बसले, मी टेप धरली आणि वहीत लिहिलं. हाताची लांबी, छातीचा घेर श्वास भरून, आणि मांडीपासून ओठापर्यंत. मग मी शुद्ध, रेखीव हिंदीत पत्र तयार केलं, शाळेत मुलांच्या वह्या तपासते तशी स्वतःची दोन वाक्यं लाल पेनाने खोडली, आणि माझ्या फोनवरून फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी फोनवर कारागिराचा बोललेला निरोप आला: "मास्टरजी, जो नाप भेजा है, वही बनेगा. बाद में मत कहना." चाचांनी तो निरोप मला तीन वेळा ऐकवायला लावला. प्रत्येक वेळी मान डोलवली.

वरातीची तारीख जवळ येत होती आणि मेरठहून रोज "बन रहा है" एवढंच यायचं. चाचींनी दोनदा सांगून पाहिलं, जुनाच घेऊन जा. चाचा ऐकेनात. नवा बास आला तो थेट वरातीच्या दिवशी सकाळी, बुलढाण्याहून टेम्पोच्या टपावर, लाकडी पेटीत. पेटी उघडली. भोंगा पुढे वळलेला, पितळ हलकं. चाचा त्या पेटीवरच बसले, बास मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि एकच सूर धरला. माझ्या हातातल्या स्टीलच्या पेल्याला कंप सुटला. चाचींनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात बँडच्या जीपचा हॉर्न वाजला आणि जो तो धावपळीला लागला. "जुना पण असू द्या सोबत," मी म्हटलं. चाचा चक्क लाजले. "नवीन नवरीसोबत सवत नेऊ का मॅडम?"

मला काही लग्नाचं आमंत्रण नव्हतं, पण पत्र माझं होतं. एस.टी.ने दुसरबीडला पोचले तेव्हा मारुतीच्या देवळापुढे बँड उभा राहत होता. शेषराव आणि गजानन नवा बास ऐकायला आधीच येऊन थांबले होते. चाचांनी पट्टा खांद्यावर चढवला आणि ताठ उभे राहिले. माउथपीस हनुवटीच्या चार बोटं खाली लोंबत होता.

त्यांनी पट्टा आवळला. शेवटच्या भोकापर्यंत आवळला. माउथपीस एक बोट वर आला, बस. मी काय करून बसले आहे हे मला तेव्हा कळलं. मांडीपासून ओठापर्यंत. बसलं की मांडी बासला खालून टेकू देते, उभं राहिलं की तो टेकूच जातो. वरातीत एकदाही बसून न वाजवलेल्या माणसाचं माप आम्ही खुर्चीवर बसवून घेतलं होतं, आणि त्या भल्या कारागिराने ते तंतोतंत पाळलं होतं. त्या अंगणात तीन बासवाले होते, एक शिकलेली बाई होती, आणि एकालाही उभं राहायचं सुचलं नव्हतं.

बँड सुरू झाला. चाचा मान खाली घालून फुंकू लागले. मान वाकली की छातीत हवा मावत नाही. सूर फाटायला लागला. पाऊल पडलं की पितळ दातांवर आदळायचं. देवळापासून पहिल्या वळणापर्यंत जाईतो त्यांचा खालचा ओठ फुटला. मालकाने एकदा मागे बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. चाचांनी ती पाहिली. त्यांनी वाजवता वाजवताच जोरात मान हलवली, नाही, आणि रक्ताचा थेंब पांढऱ्या युनिफॉर्मवर पडला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, चूक माझी आहे.

पुढे झाला तो गजानन. उंद्रीचा, दुसऱ्या बँडचा माणूस. तो चाचांच्या समोर गेला, वाकला, दोन्ही तळहात बासच्या बुडाखाली घातले आणि तो ओठांच्या उंचीपर्यंत उचलून धरला. चाचांची मान सरळ झाली. गजानन उलटा चालत होता, पाठीमागचा रस्ता त्याला दिसत नव्हता, आणि शेषराव त्याचा शर्ट धरून त्याला वळवत होते. मंडपाच्या दारापर्यंत बास वाजला. एकदाही तुटला नाही. म्हाताऱ्या बाया नाचल्या. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला.

मंडपाबाहेर मालक जवळ आला. "चाचा, शेवटपर्यंत वाजला. मी दिलेला शब्द पाळतो." चाचांनी रुमाल ओठाला लावला होता. ते म्हणाले, "नाही. हवा माही होती, पण बास गजाननाच्या हातावर वाजला. याले वाजवणं नाही म्हणत." आणि त्यांनी बँडची टोपी काढून मालकाच्या हातात ठेवली. मालक नको नको म्हणत राहिला. मला त्या क्षणी चाचांचा विलक्षण राग आला. जिंकलेला डाव असा कोणी उधळतं का? आज मला तो राग येत नाही, पण त्यांच्याएवढं खरं मला बोलता आलं असतं असंही वाटत नाही.

दुसरं पत्र आम्ही बाजाराच्या दिवशी लिहिलं, त्याच अंगणात. या वेळी चाचांनी एकही खुर्ची बाहेर काढली नाही. पाहुण्यांना उभं ठेवताना त्यांचा जीव तुटत होता हे दिसत होतं, पण त्यांनी दोघांनाही चहासुद्धा उभ्यानेच पाजला. मग गजाननाला बास लटकवून अंगणात येरझाऱ्या घालायला लावल्या. "चाल. अजून चाल. थकला का? मंग आता घ्या मॅडम माप, थकल्यावर माणूस खांद्यातून उतरते." शेषरावांचंही तसंच घेतलं. कमरेपासून ओठापर्यंत, चालताना. मी दोन नावं लिहिली, दोघांचे आकडे लिहिले आणि तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं.

"चाचा, या उभे राहा. आता तुमचं."

त्यांनी माझ्या हातातून टेप घेतली, नीट गुंडाळली आणि परत दिली.

"दोघायचंच आहे," ते म्हणाले. "पाठवून द्या."