मागच्या पानाची सभा

काचीगुडा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पत्ता दाखवला, तर तो मला बसूच देईना. "सामनेच है अम्मा, चलके जाओ," म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. असा रिक्षावाला मला नाशिकमध्ये उभ्या जन्मात भेटलेला नाही. हैदराबाद मला तिथल्या तिथे आवडून गेलं.

दारात मालूताई उभी होती. ही माझी मावसबहीण. सत्तरीची, निवृत्त शिक्षिका, आणि तिथल्या मराठी मंडळींच्या भजनी मंडळाची मुख्य गायिका. पानात गरम भात, खट्टी दाल आणि गोंगुरा पचडी (अंबाडीची चटणी). पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "रड, माझ्या वाट्याचंही रड," ती म्हणाली. हसली मात्र नाही, तेव्हा मी हात धुऊन तिच्यासमोर बसले.

झालं होतं ते असं. मंडळाची भजनांची वही एकच, मालूताईच्या हातची. पुढचं भजन ज्या घरी, तिथे ती आठवडाभर आधी जाते आणि घरची बाई त्यातून भजनं निवडते. वर्षापूर्वी मालूताईचे यजमान गेले. अकरा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं हिनं एकटीनं केलं. ते गेले त्या आठवड्यात वही हिच्याकडेच होती. शेवटच्या पानावर हिनं लिहिलं, 'रडू आलं नाही. मोकळं वाटलं. देवा, हे मी कुणाला सांगू?' लिहिलं आणि विसरली. वही नेहमीसारखी घरोघर फिरत राहिली. मग ती मंडळाच्या सेक्रेटरींच्या घरी गेली. त्यांनी आरती शोधताना ते पान पाहिलं, एकेक अक्षर जुळवत कसंबसं लावलं, फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकला आणि वही कपाटात ठेवून दिली. कमिटीनं ठरवलं, भरसभेत माफी मागेपर्यंत मालूताईनं गायचं नाही.

"पण तू केलंस काय?" मी विचारलं.

"काही नाही गं. वाटलं फक्त."

माफी तिनं लिहूनही ठेवली होती. "मागून टाकते, सुमे. गाणंही गेलं तर मी दिवसभर करू काय?"

मी चांगलीच चिडले.

सभा रविवारी दुपारी होती. सकाळी तिला जबरदस्तीनं आबिड्सला नेलं. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागले होते. इराणी चहात बिस्किट जरा जास्तच बुडवलं आणि ते कपाच्या तळाशी गेलं. एरवी मालूताईनं त्यावरून माझी तासभर खेचली असती. आज ती पर्समधला माफीचा कागद सारखा चाचपत होती.

हॉलमध्ये एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. सेक्रेटरींनी वही उघडली. आधी मजकूर वाचायचा, मग माफी. पण त्यांचा जन्म सगळा हैदराबादेत, शिक्षण इंग्रजीत. हातानं लिहिलेलं मराठी म्हटलं की त्यांची गाडी अडते. दोन शब्दांतच घाम फुटला. मग मला म्हणाले, "तुम्ही महाराष्ट्रातल्या. हमारे को परेशानी होते हो. जरा वाचून द्या ना."

मी नाही म्हणणार होते. मालूताई म्हणाली, "वाच. मी लिहिलंय, मी ऐकते."

मी वाचलं. पुढे आहे का काही, म्हणून पान उलटलं.

मागे सहा ओळी होत्या. सहा निरनिराळ्या हातांच्या. कुणाची निळी शाई, कुणाची पेन्सिल. पहिली ओळ एवढीच होती: 'मालूताई, मलाही.' बाकीच्या मी इथेही सांगणार नाही. मान वर केली, तर सेक्रेटरींची बायको विमलाबाई थेट माझ्याकडे बघत होती.

"सेक्रेटरीसाहेब," मी म्हटलं, "पाठीमागेही मजकूर आहे. सहा जणींचा. नावं नाहीत, पण घरच्यांना अक्षर ओळखू येईल. वाचू?"

पुरुषांच्या बाजूला चुळबूळ सुरू झाली. बायकांतली एकही हलली नाही. सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं आणि तिनं नजर खाली घेतली नाही.

"नक्को, राहू द्या," ते म्हणाले. "ज्याच्या त्याच्या मनातलं असतं."

"मग मालूताईचं?"

विमलाबाई उठल्या, माझ्या हातातून वही घेतली आणि मालूताईच्या मांडीवर ठेवली. "चला मालूताई, सूर द्या. किती दिवस बेसूर गातोय आम्ही."

पेटी एका बाजूनं डुगडुगत होती. मालूताईनं माफीच्या कागदाची नीट घडी घातली, पेटीखाली सरकवली आणि सूर धरला. काय आवाज लागला तिचा! बायकांनी टाळ उचलले, दुसऱ्या ओळीला सेक्रेटरीही टाळी धरू लागले, आणि मी लाज न बाळगता मोठमोठ्यानं रडले. या वेळी गोंगुऱ्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत आम्ही चालतच गेलो. वाटभर ती गुणगुणत होती. गाडी सुटली तेव्हा मला वाटलं, सहा जणींनी ते पान वाचलं होतं आणि सहाही जणींनी जपलं होतं. ही बिचारी वर्षभर स्वतःला एकटी समजत होती.

आता ओळी सात आहेत. निघायच्या सकाळी मालूताई चहा करत होती, तेव्हा वही मी मागून घेतली. काय लिहिलं ते विचारू नका. ज्यांच्या घरी वही जाते, त्यांना ठाऊक आहे.