मलमलीच्या टोकाची काठी

मासे धरायची काठी मी पहिल्यांदा निवडली ती बैल निवडावा तशी. उंच हवी, भरभक्कम हवी आणि चारचौघांत रुबाब दिसायला हवा. हे आज नातवंडांना सांगितलं की ती हसून लोळतात. "आजी, तू? आणि गळ?" त्यांचंही बरोबर आहे. आमचं घर लिंगायतांचं, सगळ्यांच्या गळ्यात लिंग, उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. बीडच्या पेठेत पुढं कापडाचं दुकान आणि मागं घर. अशा घरातली सून हैदराबादच्या एका गल्लीत पदर खोचून उभी होती आणि रॉड, रीळ अन् तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, यांच्या दर्जावरून दुकानदाराशी भांडत होती. विषयातलं काही कळत नव्हतं. आवाज मात्र असा, की दहा समुद्र उपसून आले आहे.

हे सगळं झालं मामंजींच्या उजव्या हातामुळं. मामंजी म्हणजे माझे सासरे.

त्या वर्षांत बाजाराचं रूपच पालटत होतं. काचेची दारं लावलेली रेडीमेडची दुकानं निघाली होती, तिथं बाहुले पँट घालून उभे असायचे. तरी जुनी गिऱ्हाइकं आमच्याकडं यायची, आणि मला वाटतं त्यातली निम्मी मामंजींचं कापड फाडणं बघायला यायची. लोखंडी गजानं मोजायचं, कात्रीनं बोटभर चीर द्यायची, दोन्ही हातांनी धरायचं आणि एकदाच टर्र! रेघ अशी सरळ जायची की सूतसुद्धा इकडचं तिकडं होत नसे. मग मामंजी कापडाकडं न बघताच घडी घालायचे.

एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला. जीभ जड झाली, पण टोमणे शाबूत राहिले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. दुकान आमचे हे बघू लागले. यांना फाडायची कला नव्हती, हे या काठापासून त्या काठापर्यंत कात्रीच चालवायचे. तो कर्रकर्र आवाज मागच्या खोलीत ऐकू आला की मामंजी भिंतीकडं तोंड करत. दुकानात चला म्हटलं की एकच उत्तर, "ज्याला फाडता येईना, त्यानं गादीवर बसू न्हाई."

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांना धरून फिरवायचं काम द्या, रोज द्या. मी लगेच कामाला लागले. ताकाची रवी दिली, शिलाई मशीनचं चाक दिलं, शेवटी जात्याचा खुंटा पुढं केला.

"मला दळायला बसवती व्हय? उद्या शेण भरायला धाडशील," मामंजी म्हणाले.

आमचं थोडं रान पालीला, बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाला होतं. हवापालट म्हणून एकदा त्यांना तिकडं नेलं. पाण्याच्या काठाला पाटबंधारे खात्यातले एक साहेब रॉड घेऊन उभे होते. तंगुसाच्या टोकाचं शिसं लांब फेकायचे आणि रिळाची दांडी फिरवत तंगूस गुंडाळून घ्यायचे. पुन्हा फेकायचे. मासा काही लागत नव्हता, पण मामंजी दिवस कलेपर्यंत खिळून बसले. त्यांचं लक्ष पाण्याकडं नव्हतंच, साहेबांच्या मुठीकडं होतं.

घरी आल्यावर म्हणाले, "ते आण."

"काय मामंजी?"

"ते. फिरवायचं."

आता खरा दरबार भरला तो आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. "मासं धरायची? ह्या वयात? गळ्यात काय हाय त्याची तरी याद ठिवा!"

"धरंन अन् सोडंन."

"सोडायचं तर धरायचं कावून?"

"सोडायला."

 मग आत्याबाईंनी अटी घातल्या. काठी घरात यायची नाही, गोठ्यात राहील. किडा, बेडूक असलं काही गळाला लावायचं नाही. मासा मरायचा नाही. "आन् आणायचं सूनबाईनं. पाप कुणाच्या तरी नावावर पायजेलच."

हे माल भरायला हैदराबादला निघाले तेव्हा मी बरोबर गेले. तेव्हाच्या मला तुम्ही बघायलाच हवं होतं. दुकानदारानं चार रॉड मांडले, मी सगळ्यांत लांब आणि मनगटाएवढा जाड उचलला. रीळ सोनेरी रंगाचं, सगळ्यांत मोठं. बारीक तंगूस दोन्ही हातांत धरून असा हिसका दिला की ते तुटलं, आणि मी विजयानं म्हणाले, "बघा, कच्चा माल!" मग वाळत घालायच्या दोरीच्या जवळपास जाणारं एक जाड तंगूस पसंत केलं.

दुकानदार बिचारा म्हणाला, "बहनजी, ये समंदर का माल है. तुम्हारे गाँव में समंदर आ गया क्या?"

"आमाला टिकाऊ पायजे," मी म्हणाले. कापडवाल्यांची सून, दुसरं काय म्हणणार?

पहिला प्रयोग आमच्या माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर झाला. गळ लावलाच नव्हता, नुसतं शिसं. रीळ काठीच्या खाली लोंबायला हवं, ते मी रुबाबात वर बसवलं. मामंजींनी डाव्या हातानं काठी उचलायला घेतली, ती त्यांना पेलेना. मी म्हटलं, थांबा, मी दाखवते. पदर खोचला, काठी मागं नेली आणि फेकली. जाड तंगूस त्या रिळावर मुळातच नांदत नव्हतं. ते वेटोळ्या वेटोळ्यांनी उसळलं आणि माझ्या बांगड्यांत, मंगळसूत्रात, आंबाड्यात शिरलं. शिसं उडालं ते बरोब्बर आत्याबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत.

आत्याबाई जिन्यात उभ्या होत्या. "घावला का मासा? लई मोठा दिसतोय. बांगड्या घातलेला."

मामंजी हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग काठीचं टोक डाव्या हातानं दाबून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"वासा हाय हा. मांडवाला लाव."

त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. एकेक शब्द जिभेवर ओढून आणत सांगितलं, आणि मी आजही ते जसंच्या तसं म्हणून दाखवू शकते. "काठी टोकाला मलमल पायजे. मधी पॉपलीन. बुडाला मांजरपाट. तिन्ही एका अंगात, अन् जोड दिसू न्हाई. तंगूस बारीक घे. जाड कापड घडीत बसत न्हाई, तसं हेबी रिळावर बसत न्हाई. पर वल्लं करून वढ, अन् हिसका देऊ नको. हिसक्यानं रेशीमबी तुटतं. रीळ कानाशी धरून फिरव. कुरकुरलं तर ठिवून दे."

या माणसानं उभ्या जन्मात गळ हातात धरला नव्हता. त्यांनी एक दुपार लांबून बघितलं होतं आणि बाकीचं आपल्या कापडाच्या थानांतून काढलं होतं.

पुढच्या खेपेला त्याच दुकानात गेले. दुकानदार मला बघून आधीच हसत होता. मी मामंजींचं बोलणं घडाघडा म्हटलं, मलमल, पॉपलीन, मांजरपाट. त्याचं हसू थांबलं. तो आत गेला आणि एक करड्या रंगाची, मधोमध उकलून दोन तुकडे होणारी काठी घेऊन आला. दिसायला अगदी गरीब. हातात घेतली तर लाटण्याइतकी हलकी. टोक दाबलं तर असं अदबीनं वाकलं आणि सोडल्यावर असं सरळ झालं, की मी ते तीन-चारदा उगीचच करून बघितलं. वाकणं ही इतकी देखणी गोष्ट असते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. केसासारखं तंगूस मी त्याच्याच पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि हळूहळू ताणलं. तळव्याला वळ उठला, तंगूस तुटलं नाही. छोटं रीळ कानाशी धरलं, ते नुसतं फिरलं. त्याची दांडी डाव्या अंगाला होती. आता उजव्या हाताचं काय, म्हणून माझा चेहरा पडला, तर दुकानदारानं स्क्रू काढून ती या बाजूची त्या बाजूला बसवून दिली. माझा वासा त्यानं मुकाट्यानं परत घेतला. "किसी समंदरवाले को दूँगा," म्हणाला.

मग माळवदावर रोज सकाळी शाळा भरू लागली. मामंजी काठी डाव्या हातात धरायचे आणि डाव्यानंच शिसं फेकायचे. उजव्या हाताची बोटं मी दांडीभोवती गुंफायची, ती घसरायची, पुन्हा गुंफायची. खाली दुकानात कात्रीचा कर्रकर्र, वर रिळाचा बारीक सूर. ऊन तापलं की शाळा सुटायची. मामंजी कधी चिडले नाहीत. मीच चिडायचे, आणि ते म्हणायचे, "तू का दमलीस? फिरवतोय मी." उन्हाळा सरता सरता एके दिवशी बोटं आपणहून दांडीवर जाऊन बसली. पण जोर? शिसं काही उलटं ओढत नाही. हातात जोर किती आला ते शिशावरून कसं कळणार?

म्हणून पालीला गेलो. किड्याऐवजी चमच्यासारखा एक चकचकीत पत्रा गळाला होता, आणि मासा सहज सुटावा म्हणून गळाचा उलटा काटा मामंजींनी पक्कडीनं दाबून सपाट करवला होता. आत्याबाई भाकरीचं गठुडं घेऊन बाभळीखाली बसल्या, पाण्याकडं पाठ करून. पाप बघायचं नाही म्हणून.

बराच वेळ पत्रा रिकामाच येत राहिला. मग पाणकणसाच्या कडेला पाणी फुटल्यासारखं झालं आणि काठी वाकली. टोक पुरतं झुकलं, मधला भाग कमानीत आला, बूड मात्र मामंजींच्या पोटाशी ताठ. मासा लागला होता, मरळ. रीळ आपणहून तंगूस सोडत होतं आणि मी दोन्ही हात पुढं करून धावले.

"हात लावू नको."

"मामंजी, जाईल ती!"

"जाऊ दे. हात लावू नको."

दांडी अर्धी फिरली आणि अडली.  पुन्हा अर्धी फिरली. बोटं घसरली, परत बसली. मी पदर तोंडात धरून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वढा की! आता कुणाची वाट बघताय?"

आत्याबाई बाभळीपासून उठून केव्हाच काठाला आल्या होत्या.

मामंजी फिरवत राहिले. काळी, सापाच्या तोंडाची मरळ उथळ पाण्यात आली, तंगूस क्षणभर सैल पडलं आणि सपाट केलेला गळ तिच्या तोंडातून निसटला. ती तिथंच जरा थांबली, जशी काही तिलाही खरं वाटत नव्हतं, आणि गेली.

"गेली?" आत्याबाईंनी विचारलं.

"सोडली," मामंजी म्हणाले.

"बरं झालं. लई देखणी व्हती बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून मला बोलावणं आलं. जाऊन बघते तर मामंजी गादीवर. यांचा चेहरा असा, की श्वास घ्यायचा का नाही ते ठरत नव्हतं. समोर मांजरपाटाचं थान उलगडलेलं.

"त्या काठीला पिशवी पायजे," मामंजी म्हणाले. "कापड किती?"

मी ऐटीत काठीची पुरती लांबी सांगितली. यांनी गजानं मोजून बोटभर चीर दिली. मामंजींनी चिरेच्या दोन्ही बाजूंना मुठी धरल्या. उजवी मूठ मिटायला वेळ लागला, पण मिटली. टर्र! रेघ शेवटाकडं थोडी तिरकी गेली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली. 

"काठी दोन तुकड्यांत मोडती न्हवं?" ते एकदम म्हणाले.

"हो."

"मग येवढ्या कापडात काय माझी पालखी काढती?"

आमच्यात माणसाला शेवटचं पालखीतूनच नेतात, तरी हे खदखदा हसले. मामंजींनी कापड दुमडून मध्य धरला, यांना तिथं चीर द्यायला लावली, आणि पुन्हा मुठी मिटल्या. दुसरी टर्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेली. त्यांनी कापडाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघत घडी घातली.