यादीसारखा पाळणा

रामनवमी, १९९८. शिरूर, आमच्या आळीतले राममंदिर. हजर: भजनी मंडळ चालवणाऱ्या माई, पेटीवर कमलताई, मंडळाच्या अकरा जणी आणि वही घेऊन मी. सुलभा मागच्या खोलीत सुंठवड्याच्या पुड्या बांधत होती. तिला तिथे मीच बसवले होते.

आठ वर्षे रामजन्माला माझाच पाळणा म्हटला जाई. आधी न्हाऊ, मग धुरी, मग गालाला तीट, मग कुंची, असा साधा. त्या वर्षी दौंडहून नवऱ्याच्या बदलीने आलेल्या सुलभाने नवा रचला. तालमीत बायकांचे डोळे भरून आले. माई मला म्हणाल्या, "तुझा चांगलाच आहे गं, पण यादी वाचल्यासारखा वाटतो." सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन कामांची वाटणी लिहिली आणि बाराच्या वेळेला सुलभाचे नाव मागच्या खोलीत टाकले. वाटणी नेहमी माझीच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिचा पाळणा तिच्यावाचून झाला. नंतर पदराला हात पुसत ती म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही हो ताई, पण सुंठवडा सगळ्यांना पुरला."

त्यानंतर देवापुढे हात जोडले की मला सुलभाचे तेच वाक्य ऐकू येई.

पंधरवड्याने भाचीच्या बाळंतपणासाठी दौंडच्या दवाखान्यात गेले. पहिलटकरीण पोर, इतकी घाबरलेली की दोन दिवस बाळाला हातात घेईना. मी आणलेले सामान तीनदा तपासले, दुसरे काही सुचेना. शेजारच्या खाटेपाशी वाडीवरची एक मावशी नातवाला थोपटत गुणगुणत होती. शब्द माझे होते.

"कुठं शिकलात?" मी विचारले.

"नणंदेकडनं. शिरूरच्या देवळातला हाय म्हणं."

"कुणी केलाय?"

"काय की! पर लई कामाचा हाय. समदं वळीनं येतं, काय इसरत न्हाई." मग ती भाचीकडे वळली. "आगं, भितीस कशाला? म्हण माझ्यासंगं. गाण्यात येतंय तसं करत जायचं."

भाची म्हणू लागली. कुंचीपर्यंत आली तेव्हा बाळ तिच्या मांडीवर होते.

मी व्हरांड्यात जाऊन रडले. ज्या यादीची मला लाज वाटत होती, तीच रामाने माझ्या नावावाचून माझ्याआधी दौंडला पोहोचवली होती. मावशीला मी नाव सांगितले नाही. सांगावेसेही वाटले नाही.

पुढच्या रामनवमीला सुलभाच्या नावापुढे 'पाळण्याची दोरी' लिहिले आणि पुड्या बांधायला मी बसले. मागच्या खोलीत खरेच नीट ऐकू येत नाही.

वहीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली आहे. एक ओळ तेवढी राहिली आहे: सुलभाला खरे सांगणे.